दहा सेंटांची देशभक्ती

मागच्या महिन्यात आईने मला रंगेहाथ पकडलं. (नाही, तुम्हाला वाटतंय तसलं काही नाही!) रद्दी आवरताना तिला माझे दोन लेख सापडले. एक दोन वर्षांपूर्वीचा, ‘नऊ ते सहाच्या पिंजऱ्यातून उडा!’ दुसरा यंदाचा, ‘पक्क्या नोकरीसारखं सुख नाही!’ दोन्हींवर माझंच नाव आणि तोच हसरा फोटो. आईने दोन्ही पानं चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि विचारलं, “यातलं तुझं खरं मत कुठलं गं?”

“अगं, ब्रीफच तसं होतं.”

“ब्रीफ म्हणजे?”

“म्हणजे काय लिहायचं ते ते सांगतात.”

“आणि तू लिहितेस?”

चहा निवला. पुढे बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

त्याच रात्री दुसऱ्या एका कामासाठी नेटवर फिरताना मी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कलेक्शनमध्ये घुसले. पहिल्या महायुद्धाच्या काळातलं शीट म्युझिक. १४ हजारांहून जास्त गाणी, सगळी स्कॅन केलेली, फुकट बघायला. म्हटलं पाच मिनिटं बघू. रात्रीचे अडीच वाजले! आणि तिथेच मला माझा एक जातभाई भेटला. त्याच्याबद्दल सांगतेच, पण आधी शीट म्युझिक म्हणजे काय ते सांगायला हवं.

आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यांच्या पातळ चोपड्या मिळायच्या, आठवतंय? तसंच काहीसं, पण जरा ऐटीत. एका गाण्याचं नोटेशन आणि शब्द छापलेली मोठ्या आकाराची चार-सहा पानं, वर रंगीत कव्हर. रेडिओ अजून घरात आला नव्हता, ग्रामोफोन सगळ्यांना परवडत नव्हता. मग नवं गाणं हवं तर काय करायचं? दुकानातून ते कागदावर आणायचं आणि घरच्या पियानोवर वाजवायचं. अमेरिकेत १९०९ या एका वर्षात साडेतीन लाखांहून जास्त पियानो बनले. दिवाणखान्यात पियानो असणं म्हणजे मध्यमवर्गात पोचल्याची पावती. आणि तो वाजवायचं कोण? बहुतेक घरांत मुलगी नाहीतर आई.

गाण्यांचा कारखाना होता न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, वेस्ट २८ व्या रस्त्यावर. एकाला एक लागून प्रकाशकांची ऑफिसं, प्रत्येक खोलीत पियानो, आणि उघड्या खिडक्यांतून सगळ्यांचा एकदम गोंगाट. जणू कोणी पत्र्याचे डबे बडवतंय! म्हणून नाव पडलं ‘टिन पॅन अ‍ॅली’. पुढे प्रकाशक शहराच्या वरच्या भागात सरकले, पण नाव धंद्याला चिकटलं ते चिकटलंच. (तिथल्या पाच जुन्या इमारतींना शहराने २०१९ मध्ये लँडमार्कचा दर्जा दिला.) गाणी ऑर्डरप्रमाणे लिहिली जायची. ती खपवायला ‘साँग प्लगर’ नावाची जमात होती. दुकानात, नाटकघरात, जिथे गर्दी तिथे जाऊन कंपनीचं नवं गाणं वाजवून दाखवायचं, हे त्यांचं काम. जगप्रसिद्ध संगीतकार जॉर्ज गर्शविननेही १९१४ मध्ये १५ व्या वर्षी आठवड्याला १५ डॉलरवर ही नोकरी केली. मोठ्या स्टोअर्समध्ये दहा सेंटाला एक प्रत. मागच्या पानावर इतर गाण्यांच्या जाहिराती. म्हणजे आपलं ‘हे आवडलं? मग तेही आवडेल’ तेव्हापासूनचंच, बॉस!

तर आता माझा जातभाई. नाव अल्फ्रेड ब्रायन. जन्म १८७१, मूळचा कॅनडाचा, पेशा गीतकार. मागणी तसा पुरवठा करणारा पक्का प्रोफेशनल. विमानाची नवलाई होती तेव्हा त्याने विमानातल्या रोमान्सचं गाणं लिहिलं आणि ते तुफान चाललं. १९१५ मध्ये त्याने अल पियान्तादोसीच्या चालीवर गाणं लिहिलं, ‘आय डिडन्ट रेज माय बॉय टू बी अ सोल्जर’. म्हणजे, माझ्या मुलाला मी शिपाई व्हायला नाही वाढवलं.

युरोपात तेव्हा महायुद्ध पेटून वर्षही झालं नव्हतं. ब्रायनचा कॅनडा ब्रिटनबरोबर केव्हाच युद्धात उतरला होता. अमेरिका मात्र बाहेर उभी राहून बघत होती. आणि या गाण्यातली आई सरळ विचारते की दुसऱ्या कोणा आईच्या लाडक्याला मारायला माझ्या पोराच्या हातात बंदूक का द्यायची? कव्हरवर मुलाला घट्ट धरून बसलेली पांढऱ्या केसांची आई आणि जगातल्या प्रत्येक आईला केलेली अर्पणपत्रिका. प्रती लाखांनी खपल्या. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट जाम भडकले. असल्या गाण्यांनी देश बुळा होतो, असं त्यांच्यासारख्यांचं मत.

यातली गंमत बघा. १९१५ मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत बाईला राष्ट्राध्यक्ष निवडायला मतच नव्हतं. तो हक्क देशभर मिळाला १९२० मध्ये. पण दहा सेंट तिच्या पर्समध्ये होते! त्याच वर्षी जानेवारीत जेन अ‍ॅडम्स आणि तिच्या मैत्रिणींनी वॉशिंग्टनमध्ये ‘वुमन्स पीस पार्टी’ स्थापन केली होती. मतपेटीत न पडलेलं बायकांचं ‘नाही’ असं म्युझिकच्या काउंटरवर पडत होतं. गाणं लिहिलं होतं दोन पुरुषांनी, धंदा म्हणून. पण ते विकत घेऊन, घरी आणून, स्वतःच्या गळ्यातून म्हणणं, हे बाईचं स्वतःचं होतं.

बाजारात एक माल चालला की त्याची उलटी आवृत्ती येणारच. काही महिन्यांतच ‘मी शिपायाची आई असते तर मला अभिमान वाटला असता’ छापाची उत्तरं दुकानात आली. म्हणजे आधी वाद, मग प्रतिवाद, आणि दोन्ही एकाच रॅकवर. १९१६ च्या नोव्हेंबरात वुड्रो विल्सन पुन्हा निवडून आले, तेही ‘यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं’ या प्रचारावर. आईचं ‘नाही’ तोवर तरी सुरक्षित होतं.

६ एप्रिल १९१७ ला अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. आणि रॅक पालटला!

मी त्या कलेक्शनमध्ये तारखेनुसार पुढे पुढे जात होते, तेव्हा खरंच अंगावर काटा आला. कव्हरवरची आई तीच आहे. तेच पांढरे केस, तोच मायेचा चेहरा. फक्त आता ती मुलाला मागे ओढत नाही, पुढे करते. ‘अमेरिका, हियर्स माय बॉय’ हे त्या १९१७ सालचं गाणं. त्यातली आई आपला मुलगा देशाच्या हवाली करते आणि वर अभिमानाने सांगते. जॉर्ज एम. कोहॅनने युद्ध जाहीर झाल्याबरोबर ‘ओव्हर देअर’ लिहिलं. बिगुलासारखी चाल, एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून जात नाही. त्याच्या एका आवृत्तीचं कव्हर नॉर्मन रॉकवेलने केलं. शेकोटीभोवती गाणारी हसरी, कोवळी पोरं, जणू पिकनिकला निघालीत. याच गाण्यासाठी पुढे १९३६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कोहॅनला सुवर्णपदक मंजूर केलं.

आणि ‘ओव्हर देअर’चे हक्क विकत घेऊन ते देशभर खपवणारा प्रकाशक कोण? लिओ फाइस्ट. तोच, ज्याने दोन वर्षांपूर्वी ‘माझ्या मुलाला शिपाई व्हायला नाही वाढवलं’ छापलं होतं.

आणि आमचे ब्रायनसाहेब? त्यांनी १९१७ मध्ये साथीदारांबरोबर नवं गाणं दिलं, ‘जोन ऑफ आर्क, दे आर कॉलिंग यू’. फ्रान्सच्या त्या लढवय्या पोरीला ‘ऊठ, तुझी माणसं हाका मारताहेत’ असं साकडं घालणारं. दोन वर्षांपूर्वी ज्या लेखणीने बंदुका खाली ठेवायला सांगितल्या, त्याच लेखणीने आता तलवार उपसायला सांगितली.

रात्री दोन वाजता स्क्रीनसमोर मला खुदकन हसू आलं. मग एकदम आलं नाही. बॉस, ब्रीफच तसं होतं ना!

आता कोणी म्हणेल की गाणी बदलली कारण लोकांची मतं बदलली. थोडं खरं आहे. पण मतं बदलायलाही मदत झाली. सरकारने त्या एप्रिलमध्येच प्रचारखातं उघडलं. त्याचे स्वयंसेवक सिनेमाची रीळ बदलेपर्यंतच्या चार मिनिटांत भाषणं ठोकायचे आणि पुढे पुढे प्रेक्षकांकडून देशभक्तीची गाणी म्हणून घ्यायचे. जूनमध्ये ‘एस्पिओनाज अ‍ॅक्ट’ आला. १९१८ च्या जूनमध्ये समाजवादी नेते युजीन डेब्ज यांनी ओहायोतल्या कँटन शहरात युद्धाविरुद्ध भाषण केलं आणि त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे जे १९१५ मध्ये दिवाणखान्यात सुरात म्हणता येत होतं, तेच तीन वर्षांनी चौकात म्हणाल तर तुरुंग. भरती सक्तीची झाली. सुमारे २८ लाख पोरं त्या कायद्याखाली उचलली गेली. अशा वेळी तुमच्या घरातून कुठलं गाणं ऐकू येतं, हे शेजारीही ऐकत असतात हो.

युद्ध कागदावरही उतरलं, अगदी शब्दशः. १९१८ मध्ये कागद वाचवायला प्रकाशकांनी गाण्यांचा आकारच कमी केला. सरकारला सहकार्य म्हणून छोटी प्रत काढतोय, अशी सूचनाही कव्हरच्या आत छापली. काटकसरीची काटकसर आणि जाहिरातीची जाहिरात! मार्केटिंगवाल्या मित्रमैत्रिणींनो, घ्या शिकून.

पण थांबा. हे सगळं नुसतं वरून ढकललेलं होतं असं म्हटलं, तर या गाण्यांवर अन्याय होईल. कारण लोक काय विकत घेतील ते शेवटी लोकच ठरवत होते. ब्रॉडवेवर अल जॉल्सनने गाजवलेलं १९१८ चं गाणं घ्या, ‘हॅलो सेंट्रल, गिव्ह मी नो मॅन्स लँड’. रात्री सगळे झोपलेत, एक छोटं पोर हळूच फोनपाशी जातं आणि ऑपरेटरला सांगतं, मला ‘नो मॅन्स लँड’ जोडून द्या, तिथे माझे बाबा आहेत. दोन सैन्यांच्या खंदकांमधली ती मोकळी जमीन, जिथे पाऊल टाकलं की गोळी. तिथला नंबर मागतंय लेकरू! यात ना झेंडा, ना शत्रू. वर्षअखेरीला सगळ्यात खपलं ते ‘टिल वी मीट अगेन’, निरोपाचं एक हळवं वॉल्ट्झ, ज्याच्या लाखो प्रती गेल्या. म्हणजे ‘चला लढायला’ हे म्हणायचं चौकात, आणि ‘कधी येशील?’ हे घरी.

आणि हे काही तेव्हाच घडलं असं नाही. १८६३ मध्ये, यादवी युद्धाच्या ऐन भरात, ‘वीपिंग, सॅड अँड लोनली’ हे विरहगीत उत्तरेत धो धो खपलं. दक्षिणेच्या प्रकाशकांनीही ते छापलं. आसवं तीच ठेवली, फक्त सैनिकाच्या निळ्या कपड्यांचा रंग करडा केला! दुसऱ्या महायुद्धात सरकारी अधिकारी टिन पॅन अ‍ॅलीच्या मागे लागले होते की झणझणीत युद्धगीत द्या. लोकांनी १९४२ मध्ये डोक्यावर घेतलं काय, तर अर्व्हिंग बर्लिनचं ‘व्हाइट ख्रिसमस’. घरच्या बर्फाची आठवण काढणारं. युद्धाचं त्यात नावही नाही.

खिडकी म्हटली की तिच्यातून नको तेही दिसतंच. पर्ल हार्बरनंतर काही दिवसांतच जपान्यांची टिंगल करणारी अत्यंत गलिच्छ गाणी दुकानात आली आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी तो कुप्रसिद्ध हुकूम काढला. सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. गाण्यांमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. पण शेजारी राहणारा माणूस कार्टून व्हायला किती दिवस लागतात, ते कव्हरवरच्या तारखांवरून मोजता येतं.

पहिल्या महायुद्धातले काळे सैनिक तर कव्हरवर आधीपासूनच कार्टून होते. जाड ओठ, वटारलेले डोळे, ‘मॅमीज चॉकलेट सोल्जर’सारखी नावं. त्याच रॅकवर मग कधीतरी लेफ्टनंट जेम्स रीस युरोपचा फोटो येतो. रुबाबदार, युनिफॉर्ममध्ये, चष्मा लावलेला. ३६९ व्या इन्फंट्रीचा हा बँडमास्टर. या काळ्या रेजिमेंटला अमेरिकन सैन्याने फ्रेंचांच्या हाताखाली लढायला दिलं. ती १९१ दिवस आघाडीवर राहिली आणि फ्रान्सने तिचा सन्मान केला. १७ फेब्रुवारी १९१९ ला ती न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून बँड वाजवत परतली. त्याच साली युरोपच्या बँडने तेव्हाचं एक हिट गाणं रेकॉर्ड केलं, ज्याचा सवाल होता की पॅरिस बघून आलेली पोरं आता शेतावर कशी टिकणार? गोऱ्या घरातल्या पियानोवर हा विनोद होता. काळ्या बँडच्या तोंडी तोच सवाल मला वेगळा ऐकू येतो. एकदा माणूस म्हणून वागवले गेलेले आम्ही आता पुन्हा मान खाली कशी घालणार? त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अनेक शहरांत वंशद्वेषाच्या दंगली पेटल्या. युरोप ते बघायला नव्हता. मे महिन्यात बॉस्टनमध्ये त्याच्याच बँडमधल्या ड्रमरने त्याला भोसकलं होतं.

मला सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू? १९१९ च्या रॅकवर परत येणाऱ्यांचीच गर्दी आहे. जहाजं, मिठ्या, बँड, चुंबनं. न आलेल्यांची गाणी फारशी पुढे दिसत नाहीत. या युद्धात अमेरिकेचे १ लाख १६ हजारांहून जास्त सैनिक गेले. निम्म्याहून जास्त आजाराने, त्यातही इन्फ्लुएन्झाच्या साथीत. पण साथीत दगावलेल्या पोराचं गाणं कोण पियानोवर ठेवणार? ‘अमेरिका, हा घे माझा मुलगा’ म्हणणाऱ्या आईची गोष्ट गाण्यात तिथेच संपते. पुढचं कडवं बाजाराने लिहिलंच नाही.

ते लिहिलं गेलं दहा-बारा वर्षांनी, सरकारी कागदावर. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकन सरकारने साडेसहा हजारांहून जास्त आया आणि विधवांना स्वखर्चाने युरोपला नेलं, त्यांच्या माणसांच्या थडग्यांपाशी. कव्हरवरची ती पांढऱ्या केसांची आई एकदाची प्रत्यक्षात ‘ओव्हर देअर’ पोचली. आणि हो, काळ्या सैनिकांच्या आयांना वेगळ्या जहाजांतून नेलं. अपमान नको म्हणून कित्येकींनी जायलाच नकार दिला. काही गोष्टी दोन वर्षांत पालटतात, काही पंधरा वर्षांतही नाहीत.

आता ब्रायनचा निकाल लावायचा का? त्याचं खरं मत कुठलं होतं, १९१५ चं की १९१७ चं? गाण्यावरून ते कळत नाही. तो विकाऊ होता म्हणून सोडून देता येईल. पण तो इतका कान देऊन लिहायचा म्हणूनच आज त्याच्या दोन गाण्यांमधून एका अख्ख्या देशाचा चेहरा पालटताना दिसतो. थोर कवींनी स्वतःच्या मनातलं लिहिलं. ब्रायनने गिऱ्हाइकाच्या मनातलं लिहिलं. फक्त एक फरक राहतोच. त्याच्या दुसऱ्या गाण्याने पहिल्या गाण्यातल्या आईला उत्तर दिलं नाही. तिला फक्त रॅकवरून उचलून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला हे सगळं सांगितलं. पॅरिस, पियानो, ब्रायन, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, चला, सुटले!

“छान आहे,” ती म्हणाली. “पण मी त्याचं नव्हतं विचारलं. तुझं विचारलं होतं.”

तर मंडळी, या आठवड्यात माझ्याकडे आणखी एक ब्रीफ आलंय. विषय नोकरीचाच. या वेळी संपादकांना म्हटलंय, आधी माझं मत सांगते, मग छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फोन अजून आलेला नाही. आईने मात्र चहा टाकलाय.